मनगट काय फक्त माऊसवाल्यांनाच असतं?

परवा ऑफिसात पुन्हा तीच चर्चा. अर्गोनॉमिक माऊस, रिस्ट पॅड, कार्पल टनेल... जणू हा खास आम्हा आयटीवाल्यांचा राजेशाही आजार!

मंडळी, जरा आमच्या रेवदंड्याला या. शेजारच्या कोळीण मावशी वर्षानुवर्षं कोळंबी सोलतायत. बर्फातली कोळंबी, चिमटीत पकड, तोच झटका, दिवसभर. रात्री अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या येतात, हात झटकत उठून बसतात. लक्षण अगदी पुस्तकातलं. आणि निदान? "वात आहे." वर बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या. तीन वर्षं! नर्व्ह कंडक्शन टेस्टला मुंबई गाठायची तर दिवसाची कमाई बुडते, वर ते शॉक. राहिलंच मग.

आता गंमत बघा. सोनोग्राफीचं मशीन अलिबागला आहे. मनगटातल्या अरुंद बोगद्यात मीडियन नस दाबली गेली की बोगद्याच्या तोंडाशी ती सुजते. थायरॉइडसाठी वापरतात तो सपाट प्रोब मनगटावर ठेवायचा आणि नसेचा काटछेद मोजायचा. साधारण 10 चौरस मिलिमीटरच्या वर गेला की संशय बळावतो. काही मिनिटांचं काम, दुखत नाही. अमेरिकेतल्या या विषयाच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2012 सालीच ही मोजणी निदानासाठी अचूक आहे असं सांगितलंय.

यावर मित्र म्हणतो, "अरे, तो गर्भलिंगनिदानाचा कायदा आडवा येतो." साफ चूक! महाराष्ट्राने 1988 साली असा कायदा केला, मग 1994 साली केंद्राने. पोटातल्या पोरी मारल्या जात होत्या म्हणून केला, आणि तो हवाच. मशीनची नोंदणी लागते, पोर्टेबल मशीन घेऊन एकट्यादुकट्याला गावोगाव फिरता येत नाही, मान्य. पण नोंदणी असलेल्या सेंटरात मनगट बघायला कोणी अडवलंय? अडचण कायद्याची नाही, सवयीची आहे. बाई आली की प्रोब पोटावर! तिला राबणारं मनगटही असतं, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

सोनोग्राफी नसेचा वेग सांगत नाही, त्यासाठी ती शॉकवाली टेस्टच लागते, कबूल. पण वेळेत कळलं तर रात्री स्प्लिंट लावून भागू शकतं. उशीर झाला की अंगठ्याच्या मुळाशी असलेला स्नायू वाळतो, आणि तो परत भरेलच असं नाही.

असो. पुढच्या वीकेंडला अलिबागला कोळंबी हाणाल, तेव्हा ती सोलली कोणी एवढं तरी विचारा.