अळणी रश्शाची कोरियन बहीण

बंगळूरच्या कोरियन हॉटेलात हौसेने गेलेलं मराठी कुटुंब सामग्येतांगचा पहिला चमचा तोंडात घालतं आणि एकमेकांकडे बघू लागतं. काळ्या मातीच्या भांड्यात रटरट उकळत आलेला पांढुरका रस्सा, त्यात अख्खी कोंबडी, वर चिरलेली कांद्याची पात. थाट मोठा, पण मीठ कुठे आहे? तिखटाचा तर पत्ताच नाही!

मीठ टेबलावर असतं. छोट्या वाटीत मीठ-मिरपूड ठेवलेली असते. ज्याने त्याने बेताने रश्शात घालावी किंवा कोंबडीचा तुकडा तिला लावून खावा. आचाऱ्याचा हा विसराळूपणा नव्हे, रीतच आहे. कोल्हापूर-बेळगावकडच्या माणसाला तरी ती परकी वाटू नये. मटण शिजताना तिखट-मसाला पडण्याआधी काढलेलं अळणी घरात कुणाला मिळतं? लहान मुलांना, आजारातून उठलेल्याला, बाळंतिणीला. सामग्येतांगची जात तीच. तिला झणझणीत रश्शाच्या मापाने मोजलं, तर पैसे वाया गेल्यासारखे वाटणारच.

साम म्हणजे जिनसेंग, ग्ये म्हणजे कोंबडी आणि तांग म्हणजे सूप. कोवळ्या, लहान कोंबडीच्या पोटात चिकट तांदूळ, लसूण, आपल्या बोराच्याच कुळातली सुकी लाल बोरं आणि जिनसेंगचं मूळ भरतात आणि मंद आचेवर मांस हाडापासून सुटेपर्यंत शिजवतात. जिनसेंग शेतात चार ते सहा वर्षं वाढवावं लागतं. चव कडवट, वास ओल्या मातीचा. अश्वगंधेला ‘भारतीय जिनसेंग’ म्हणतात खरं, पण नातं फक्त नावापुरतं. अश्वगंधा वांग्या-टोमॅटोच्या कुळातली, जिनसेंगचं कूळ निराळं.

गंमत म्हणजे कोरियात हे सूप थंडीत नव्हे, ऐन उकाड्यात खातात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत चोबोक, जुंगबोक आणि मालबोक असे उन्हाळ्याचे तीन दिवस पंचांगाप्रमाणे येतात. त्या दिवशी तिथे सामग्येतांगच्या हॉटेलांबाहेर रांगा लागतात. घामावाटे गेलेली ताकद गरम खाऊन भरून काढायची, उष्णतेला उष्णतेनेच उतारा द्यायचा, ही त्यामागची समजूत. आपल्याकडे नेमक्या याच सुमारास आषाढ संपतो आणि श्रावणात कोंबडी घराबाहेर जाते! बंगळुरात तेव्हा भुरभुर पाऊस आणि गार वारा असतो. उतारा द्यायला उष्णताच नसते, पण सूप मात्र जास्तच चांगलं लागतं.

या शहरात कोरियन माणसं आली ती बरीचशी नोकरीनिमित्त. सॅमसंगचं संशोधन केंद्र इथे १९९६ साली सुरू झालं. मायदेशीच्या चवीसाठी कम्मनहळ्ळीसारख्या भागात खाणावळी निघाल्या आणि कॅसल स्ट्रीटवरच्या ‘हे-कुम-गांग’चं नाव स्थानिक खवय्यांच्याही तोंडी झालं. सामग्येतांग सगळीकडे मिळेलच असं नाही. शिजायला वेळ लागतो, म्हणून आधी फोन करून विचारलेलं बरं.

‘ताकदीचं आहे’ म्हणून घरातल्या थोरल्यांना आग्रह होतो. तिथे मात्र जरा थांबावं. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन चालू असेल, तर जिनसेंगमुळे त्याचा परिणाम कमी होऊ शकतो. मधुमेहाच्या औषधांबरोबर साखर गरजेपेक्षा जास्त उतरू शकते. अशांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही वाटी पुढे ओढू नये. रक्तदाब असलेल्यांना मात्र मिठाची वेगळी वाटी सोयीची.

जेवणाबरोबर छोट्या बशांतून किमची आणि इतर तोंडीलावणी येतात. त्यांचे वेगळे पैसे सहसा पडत नाहीत, संपली तर पुन्हा मागता येतात. पण सोबत शाकाहारी कुणी असेल, तर किमची त्यांच्याकडे सरकवण्याआधी चौकशी करावी, कारण तिच्यात बहुधा मासळीचा किंवा कोळंबीचा खार असतो.

कोरियन रीतीत वडीलधाऱ्यांनी चमचा उचलल्यावर बाकीचे सुरुवात करतात. घाई तशीही उपयोगाची नाही, भांडं बराच वेळ चटका देतं. हाडांसाठी वेगळं भांडं मागून घ्यावं. मग चमच्याने कोंबडीचं पोट उघडावं. आतला भात रश्शात सुटतो आणि तळाशी त्याची पेज होते. मुलं कोंबडीपेक्षा तीच आवडीने खातात.