रक्षक, सहायक आणि अनेकांत



मेंदू म्हटला की आपणांस चेतापेशी आठवतात. त्यांचा सांभाळ करणाऱ्या सहायक पेशींची नावेही आपल्या कानी पडत नाहीत. ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी चेतातंतूंवर मायलिनचे स्निग्ध आवरण चढवितात व त्यामुळे संदेश वेगाने धावतात. ताऱ्याच्या आकाराच्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी चेतापेशींचे भरणपोषण करतात, तर मायक्रोग्लिया पहारा आणि सफाई पाहतात.

पॅरिसचे वैद्य शार्को यांनी १८६८ साली ज्या व्याधीचे सविस्तर वर्णन केले, त्या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये रक्तातील प्रतिकारपेशी मेंदूत व मज्जारज्जूत शिरतात आणि मायलिनचा नाश घडवितात. परंतु अनर्थ एवढ्यावरच थांबत नाही. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील बेन बॅरेस यांच्या गटाने दाखविले की, क्षुब्ध मायक्रोग्लियांतून स्रवणाऱ्या तीन प्रथिनांमुळे अ‍ॅस्ट्रोसाइटचा स्वभावच पालटतो. पोषण करणारी पेशी चेतापेशींना व ऑलिगोडेंड्रोसाइटना मारक ठरते. संगतीचा परिणाम याहून स्पष्ट कोठे दिसावा?

त्याच वर्षी बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातून दुसरी बाजू पुढे आली. उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की, नियामक टी-पेशी ऑलिगोडेंड्रोसाइटना परिपक्व होण्यास साहाय्य करतात आणि नष्ट झालेले मायलिन पुन्हा घडू लागते. म्हणजे ज्या सैन्यातून आक्रमक निघतात, त्याच सैन्यात दुरुस्ती करणारेही असतात. प्रतिकारशक्तीला सर्वथा शत्रू वा सर्वथा मित्र म्हणणे हा एकांतवाद होय. आजची औषधे मुख्यतः आक्रमणाला आवर घालतात. गेलेले मायलिन परत मिळविणे हे संशोधकांपुढील पुढचे ध्येय आहे.

ही व्याधी बहुधा वीस ते चाळीस या वयात प्रकटते आणि स्त्रियांत अधिक आढळते. तिचा थकवा बाहेरून दिसत नाही. त्यामुळे घरची सून ‘आळशी’ ठरते, आणि पर्युषणात उपवास झेपला नाही तर तिच्या श्रद्धेवरच शंका घेतली जाते. असा निवाडा करण्यापूर्वी थोडे थांबावे. रुग्णाने तपश्चर्येसाठी औषध परस्पर बंद करू नये. आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. शक्तीनुसार तप करावे, असेच आपला धर्म सांगतो. आणि ज्यांची प्रकृती धडधाकट आहे, त्यांनी अशा रुग्णाचे वैयावृत्त्य करावे. आपल्या परंपरेत तेही तपच मानले आहे.