कशाला हवे?

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने एक साधी सूचना काढली. आधारची झेरॉक्स सरसकट कुणालाही देऊ नका, द्यायचीच तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत द्या. सूचना रास्त होती. दोनच दिवसांत सरकारने ती मागे घेतली, कारण काय, तर लोक तिचा चुकीचा अर्थ काढतील. खरी अडचण अर्थाची नव्हतीच. लॉजच्या काउंटरपासून गृहनिर्माण सोसायटीच्या भाडेकरू-नोंदीपर्यंत जो तो आधारची प्रत मागतो आणि ती नाकारणाऱ्याला खोली मिळत नाही. माहिती देणाऱ्याला सावधगिरीचा उपदेश आणि मागणाऱ्याला मोकळीक, ही आपल्याकडील माहिती-संरक्षणाची रीत त्या दोन दिवसांत उघडी पडली.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने दिला. त्यानंतर वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा यायला २०२३ उजाडले, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला आणखी दीड वर्षाची मुदत! या कायद्याचा डोलारा उभा आहे तो संमतीवर. पण ज्या संमतीवाचून काम अडते तिला संमती म्हणायचे कसे? कायद्याच्या सहाव्या कलमात याचे उत्तर आहे. ठरलेल्या कामासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती संमती ग्राह्य, असे ते सांगते. वैद्यकीय सल्ला देणाऱ्या अ‍ॅपला रुग्णाच्या फोनमधील संपर्कयादी लागत नाही, हे उदाहरणही तिथेच दिलेले आहे. मात्र दंडाचा जोर दुसरीकडे आहे. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत, तर अवाजवी माहिती मागण्यासारख्या इतर बहुतेक उल्लंघनांना ५० कोटींपर्यंत. साहजिकच कंपन्या कुलपांवर खर्च करतील. कोठार लहान करण्याची घाई कुणाला असणार?

आणि कोठार असले की ते फुटते, किंवा फोडावेही लागत नाही. तेलंगणात २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणात नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील खरेदीखतांवरून अंगठ्यांचे ठसे उचलून रबरावर उतरवले गेले आणि त्यांवर सिमकार्डे सुरू करण्यात आली. पुढे अशाच ठशांनी आधारवर चालणाऱ्या व्यवहारांतून खात्यांतले पैसे काढल्याचे गुन्हे इतर राज्यांतही नोंदले गेले. यात खातेदाराचे काय चुकले? त्याने ओटीपी सांगितला नव्हता, लिंकही उघडली नव्हती. त्याने जमीन घेतली होती, आणि दस्त सरकारनेच जगापुढे मांडला होता. ‘डिजिटल अटके’च्या फसवणुकीविषयी पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगितले तेही हेच, की भामट्यांची पहिली पायरी म्हणजे सावजाची सगळी वैयक्तिक माहिती गोळा करणे.

लपवण्यासारखे काही नसेल तर भ्यायचे कशाला, हा प्रश्न हमखास येतो. त्या खातेदारांनीही काही लपवले नव्हते. उघडे होते म्हणूनच ते लुटले गेले. याहून वजनदार आक्षेप कल्याणकारी योजनांचा आहे. लाभार्थी खरा की बोगस, हे माहितीशिवाय ठरणार नाही आणि अनुदान थेट खात्यात गेल्याने मधले हात सुटले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु रेशन देण्यापुरती ओळख पटवणे निराळे आणि एकाच माणसाची तीच कागदपत्रे दहा खात्यांनी साठवणे निराळे. सरकारने मात्र सतराव्या कलमान्वये आपल्या हव्या त्या यंत्रणेला देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी या कायद्यातून सूट देण्याचा अधिकार राखून ठेवला आहे. याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीचे कलमही बदलले. व्यापक जनहित असल्यास माहिती देण्याची त्यातली अट गेली. माहिती अधिकार कायद्याच्याच आठव्या कलमाच्या दुसऱ्या उपकलमात जनहिताची वाट अजून आहे, हा सरकारचा युक्तिवाद कागदावर बरोबर आहे. मात्र नकार द्यायला टपलेल्या कारकुनाच्या हाती सोपे कलम गेले आहे. नागरिकाच्या अंगठ्याला जे कवच मिळाले नाही ते साहेबाच्या फायलीला मिळाले, आणि तेही नियम आले त्याच दिवसापासून.

महाराष्ट्र सरकारला दिल्लीच्या मुदतीची वाट पाहण्याचे कारण नाही. ‘आपले सरकार’ या राज्याच्या संकेतस्थळावरील प्रत्येक अर्जातील प्रत्येक रकान्यासमोर तो कोणत्या नियमाने विचारला जातो, हे लिहिण्याचा आदेश सचिव पातळीवर निघू शकतो, नियम सापडला नाही तर रकाना गाळावा. काम झाल्यावर झेरॉक्स किती दिवसांत नष्ट करायची, हेही त्यातच सांगता येईल. दुकानदारांनी बिलासाठी मोबाइल क्रमांकाची सक्ती करू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये बजावले होते. मॉलमध्ये आजही आधी क्रमांक विचारला जातो, मग बिल निघते. तिथे अंमलबजावणीचा पहिला दंड व्हायला नव्या कायद्याची गरज नाही.