टेन्शन नावाची पळवाट

आमच्या सीमाभागात भाषेवरून एवढे वाद झडतात. पण एका शब्दाने मराठी आणि कन्नड या दोघींनाही घराबाहेर काढले, त्याची कुणाला दादफिर्याद नाही. तो शब्द म्हणजे 'टेन्शन'. सुनेशी खटका उडाला, टेन्शन. धाकट्या भावाने प्लॉट घेतला, टेन्शन. मुलावर उगाच हात उगारला, तोही म्हणे टेन्शनमुळेच! वास्तविक पहिला राग, दुसरा शुद्ध मत्सर, आणि तिसऱ्याच्या पोटात शरम. तिघांना एका पोत्यात कोंबले की कशाचीच जबाबदारी आपल्यावर उरत नाही. टेन्शन पावसासारखे बाहेरून येते. मत्सर मात्र आपला स्वतःचा असतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की ज्याला मनःस्वास्थ्य हवे त्याने रोज रात्री निजण्यापूर्वी पाच मिनिटे हा शब्द वर्ज्य करावा आणि आज नेमके काय वाटले ते स्वतःला सांगावे. मराठीला शब्दांचे दारिद्र्य नाही. हुकलेल्या संधीची चुटपुट, राहून गेलेल्या कामाची रुखरुख, दुखावलेल्या माणसाबद्दलची खंत. यांवरचे उपायही निरनिराळे. चुटपुट सोडून द्यावी, रुखरुख काम उरकल्यावर जाते, खंत मात्र त्या माणसाच्या दारी गेल्याखेरीज जात नाही. नाव चुकले की औषध चुकते. ज्याला कन्नडमधून स्वतःशी बोलणे सोपे जाते, त्याने खुशाल तसे बोलावे. 'तळमळ' दोन्ही भाषांत आहेच.

कुणी म्हणेल, असे मन उकरत बसल्याने माणूस अधिकच खचतो. हा आक्षेप कुढण्याला लागू आहे. कुढणारा 'माझ्याच वाट्याला हे का?' या एकाच प्रश्नाभोवती रात्रभर फिरतो. आत्मपरीक्षण करणारा 'मी काय केले आणि उद्या काय करणार?' एवढे विचारतो आणि झोपी जातो.

समर्थांनी मनाला हाक मारून २०५ श्लोक लिहिले. आम्ही त्यांच्या पाठांतर-स्पर्धा भरवल्या आणि चषक वाटले. श्लोक परीक्षकांनी ऐकले. ज्याला हाक मारली होती त्या मनाने ऐकले काय? स्पर्धा जरूर चालू द्या. पण चषक घेऊन घरी आलेल्या मुलाला त्या रात्री विचारा, शेजारचा मुलगा हरला तेव्हा तुला काय वाटले? तो 'काही नाही' म्हणाला, तर त्याला दटावू नका. आधी तुम्हाला काय वाटले ते सांगा.