संगणक सुरू होत नाही, तेव्हा

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न वारंवार आढळतो: ‘घरचा संगणक सुरू होत नाही, काय करावे?’ प्रश्न एक दिसला तरी त्यात किमान तीन निरनिराळ्या व्याधी दडलेल्या असतात. बटण दाबूनही पंखा फिरत नाही आणि दिवाही लागत नाही, ही पहिली. पंखा फिरतो, दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो, ही दुसरी. पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह उमटते, ठिपक्यांचे वर्तुळ फिरत राहते किंवा निळी पाटी येते आणि पुढे काहीच घडत नाही, ही तिसरी. तिन्हींचे उपचार परस्परांहून अगदी वेगळे आहेत. दुरुस्तीवाल्याला दूरध्वनी करतानाही यांपैकी नेमके काय घडते ते सांगावे. तेवढ्याने त्याचा निम्मा शोध वाचतो.

पहिल्या व्याधीचे मूळ बहुधा संगणकाच्या बाहेरच सापडते. आपल्याकडे संगणक आणि भिंतीवरचा प्लग यांच्यामध्ये यूपीएस बसवलेला असतो. त्यातील बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि मग तो यूपीएस कधी वीज देतो, कधी देत नाही. म्हणून संगणकाची वायर यूपीएसमधून काढून थेट भिंतीवरच्या चालू असलेल्या प्लगमध्ये लावून पाहावी. कॅबिनेटच्या मागे, जेथे वायर शिरते, तेथे अनेकदा एक छोटा स्विच असतो. उभी रेघ म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. सणासुदीच्या साफसफाईत फडक्याचा धक्का लागून तो बंद होतो आणि संपूर्ण घर चिंतेत पडते. हेही नसेल, तर वायर काढून ठेवावी, चालू करण्याचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे, मग वायर पुन्हा लावून पाहावे. आत साठून राहिलेला विद्युत्भार अशाने निघून जातो. लॅपटॉपचा चार्जर काढून हाच उपाय केल्यावर तो सुरू झाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

इतके करूनही शांतताच असेल, तर संशय वीजपुरवठ्याच्या डब्यावर, म्हणजे एसएमपीएसवर जातो. घरातील २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करणे हे त्याचे काम. हा डबा मात्र कोणीही घरी उघडू नये. त्याच्या आतील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि वायर काढल्यानंतरही काही काळ तो टिकून राहतो. तो डबा बदलावा, उघडून दुरुस्त करण्याचा मोह टाळावा. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर त्याचा अर्थ निराळा: त्या प्लगला अर्थिंग नाही. अशा वेळी संगणकाच्या दुरुस्तीआधी वायरमनला बोलवावे.

आता काळा पडदा. बटण दाबल्याबरोबर मदरबोर्ड स्वतःचीच एक छोटी परीक्षा घेतो. प्रोसेसर आहे का, स्मृती म्हणजे रॅम आहे का, चित्र दाखवणारा भाग आहे का, हे काही क्षणांत तपासूनच पुढची पायरी सुरू होते. या साऱ्या क्रियेला ‘बूट होणे’ का म्हणतात, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. स्वतःच्याच बुटांच्या पट्ट्या ओढून स्वतःला वर उचलणे, या अशक्य कल्पनेवरून तो शब्द आला आहे. निद्रिस्त यंत्र स्वतःच स्वतःला जागे करते, हे त्यातले नवल. या परीक्षेत रॅम सापडली नाही, तर पडद्यावर दोन शब्द लिहिण्याचीही सोय बोर्डाला उरत नाही. मग तो ‘बीप’ असा आवाज करून तक्रार नोंदवतो. किती बीप म्हणजे कोणता दोष, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते आणि बोर्डासोबत आलेल्या पुस्तिकेत ते छापलेले असते.

प्रथम मॉनिटरची वायर दोन्ही टोकांना घट्ट आहे का ते पाहावे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असल्यास ती वायर त्या कार्डालाच जोडलेली हवी. मग रॅमकडे वळावे. कोकणपट्टीतील दमट हवेत आणि अन्यत्रही पावसाळ्याच्या चार महिन्यांत रॅमच्या पट्टीवरील सोनेरी संपर्करेषांवर मळाचा सूक्ष्म थर बसतो. उपाय सोपा आहे, पण तो निगुतीने करावा. वायर पूर्णपणे काढावी. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला स्पर्श करून अंगातील स्थिर विद्युत्भार घालवावा. पट्टीच्या टोकांची खिटी बाजूला सारताच पट्टी वर येते. ती कडांना धरून सोनेरी रेषांवर स्वच्छ पांढरा खोडरबर अगदी हलक्या हाताने फिरवावा, कण मऊ ब्रशने झटकावेत आणि खाच जुळवून, ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत पट्टी परत बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. दोषी कोणती ते लगेच कळते. मऊ ब्रश हाताशी आहेच, तर पंख्यावरील धूळही काढावी. आत मुंग्यांनी घर केले असेल, तर फवारा न मारता त्यांना ब्रशनेच अलगद बाहेर काढावे. फवाऱ्यातील द्रव बोर्डालाही घातक ठरतो.

बोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखी एक चपटी बॅटरी दिसेल. तिच्यावर सी आर २०३२ असे लिहिलेले असते आणि ती ३ व्होल्टची असते. ती संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि काही संगणक एफ-१ कळ दाबण्याची विनंती करून थांबून राहतात. ती बदलणे मिनिटाचे काम आहे. जुनी बॅटरी मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. गिळली गेल्यास ती काही तासांतच अन्ननलिका जाळते. असे घडल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

तिसऱ्या व्याधीत यंत्र धडधाकट असते. बिघाड असतो तो डिस्कमध्ये किंवा तिच्यावरील विंडोजमध्ये. याचे सर्वांत मोठे उदाहरण १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल पोहोचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पाटीवर अडकले. आपल्याकडील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. एकाही संगणकाचा एकही भाग जळालेला नव्हता. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढून टाकली की तो संगणक पूर्ववत होत असे. घरी असा प्रसंग आल्यास आधी लावून ठेवलेले पेन ड्राइव्ह काढावेत, कारण संगणक कधीकधी त्यांच्यावरच विंडोज शोधत बसतो. सुरू होण्याचे प्रयत्न लागोपाठ फसले की विंडोज आपणहून दुरुस्तीचा पडदा दाखवते. तेथे ‘स्टार्टअप रिपेअर’, अलीकडचे अपडेट काढून टाकणे आणि सेफ मोड हे मार्ग याच क्रमाने वापरून पाहावेत.

आणि येथेच तो शब्द कानी पडतो: ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ माझ्या मते घरच्या संगणकाचे सर्वाधिक नुकसान बिघाडाने होत नाही, या एका वाक्याला घाईने दिलेल्या होकाराने होते. परिचयातील एका कुटुंबात दुकानाचा टॅलीतील हिशेब, लग्नाची छायाचित्रे आणि दिवंगत आजोबांच्या आवाजातील ध्वनिमुद्रणे एकाच डिस्कवर होती. संगणक दुसऱ्या दिवशी चकचकीत होऊन परत आला. आत काही नव्हते. दुरुस्ती करणाऱ्याने विचारले नव्हते, घरच्यांनी सांगितले नव्हते.

संगणक सुरू होत नाही याचा अर्थ माहिती गेली असा नव्हे. डिस्क बाहेर काढून, स्वस्तात मिळणाऱ्या यूएसबी जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावली, की फाइली बहुधा जशाच्या तशा दिसतात. उबुंटूसारखी प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवूनही त्या उतरवून घेता येतात. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर मात्र संगणक तत्काळ बंद करावा; प्रत्येक नव्या प्रयत्नासरशी तिच्यावर ओरखडे पडण्याचा धोका वाढतो, आणि काम तज्ज्ञाकडेच द्यावे. जुन्या फिरत्या डिस्कवरून फॉरमॅटनंतरही पुष्कळदा काही परत मिळवता येते. नव्या एसएसडीवर ती आशा जवळजवळ उरत नाही, कारण पुसलेली जागा ती स्वतःच आतून रिकामी करून टाकते. विंडोजच्या ‘रिसेट’मध्ये ‘माझ्या फाइली ठेवा’ असा पर्याय आहे, पण तो आपल्या नेहमीच्या कागदपत्रांपुरता समजावा. हिशेबाची माहिती निराळ्या फोल्डरमध्ये असेल तर ती राहीलच असे धरून चालू नये. म्हणून संगणक दुकानात देताना ‘माहिती उतरवून घेतल्याखेरीज फॉरमॅट करू नये’ हे वाक्य पावतीवर लिहून घ्यावे. लिहून देण्यास दुकान तयार नसेल, तर डिस्क काढून घरी ठेवावी.

अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते. मदरबोर्ड बदलला की ती ४८ अंकी किल्ली मागते. सहा-सहा अंकांचे आठ गट. किल्ली नसेल तर डिस्क सुस्थितीत असूनही तिच्यातील अक्षर वाचता येत नाही. ती सहसा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. लॅपटॉप व्यवस्थित चालू असतानाच ती पाहून, विम्याची कागदपत्रे आणि पासबुके ज्या फाइलमध्ये राहतात तिच्यात लिहून ठेवावी, आणि ती कोठे आहे हे घरातील आणखी एका व्यक्तीला दाखवून ठेवावे.