पडद्यावरची बालवाडी आणि अंगणातली खिरापत

दुपारचे चार वाजतात. भातकुलीतील एखाद्या जुन्या घराच्या ओसरीवर तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला जातो आणि त्यासमोर चार वर्षांचा नातू मांडी घालून बसतो. आई-वडील दोघेही नोकरीनिमित्त अमरावतीला. परतायला सात वाजतात. पडद्यावर तीस-चाळीस इवल्या चौकटी आणि त्यांत तितकेच चेहरे. गोंगाट नको म्हणून सर्वांचे आवाज बंद ठेवलेले. एक हसतमुख शिक्षिका इंग्रजीतून रंगांची नावे सांगते, मुले बघतात. अर्ध्या तासाने पडदा काळा होतो. रात्री आजी सुनेला विचारते, "पोरगं बोलत काऊन नाई वं? नुसतं पायतेच!"

असे दृश्य आज भातकुलीत दिसेल, दर्यापूरला दिसेल आणि पुण्याच्या एखाद्या गृहसंकुलातही दिसेल. आजीने विचारलेला प्रश्न मात्र अनेक सुशिक्षित पालकांना पैसे भरताना सुचत नाही.

ही पद्धत घराघरांत शिरली ती २०२० साली, नाइलाजाने. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि चिमुकल्यांचे वर्ग तर जवळपास दोन वर्षे उघडले नाहीत. महाराष्ट्र शासनाने प्रारंभी पूर्वप्राथमिक ते दुसरीपर्यंतच्या मुलांना ऑनलाइन वर्गांतून वगळले होते. पुढे जुलै २०२० मध्ये पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला अवघ्या तीस मिनिटांची मर्यादा घालून ते मान्य केले. पहिली-दुसरीच्या तीस मिनिटांच्या सत्रातही निम्मा वेळ पालकांशी संवादासाठी राखलेला होता. या तरतुदीचे मर्म फारसे कोणी ध्यानात घेतले नाही. लहान मुलाचा ऑनलाइन वर्ग हा त्याच्या एकट्याचा नसतो, घरातील मोठ्या माणसाला सोबत घेऊनच तो चालवावा लागतो, हे शासनाच्या त्या रूक्ष परिपत्रकाने मान्य केले होते.

संकट सरले, पण बाजार उरला. सहा वर्षांच्या मुलाने संगणकाची आज्ञावली लिहिली नाही तर त्याचे भवितव्य अंधारले, असे पालकांच्या मनावर बिंबविणाऱ्या जाहिरातींचा त्या काळात महापूर आला. 'व्हाइटहॅट ज्युनिअर'च्या काही जाहिराती जाहिरात मानक परिषदेच्या आक्षेपानंतर मागे घ्याव्या लागल्या. ज्या 'बायजूज'ने ऑगस्ट २०२० मध्ये ही कंपनी तीस कोटी डॉलर मोजून विकत घेतली, तिच्यावरच २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. मुलांना घडवायला निघालेल्यांचा ताळेबंद असा निघाला! दरम्यान २३ डिसेंबर २०२१ रोजी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाला पालकांसाठी सावधगिरीची सूचना काढावी लागली. शुल्कासाठी बँक खात्यातून आपोआप रक्कम वळती होण्यास संमती देऊ नका, 'मोफत' म्हटलेल्या सेवेच्या अटी वाचा, नकळत कर्जाच्या कागदावर सही करू नका, असा तिचा आशय होता. ती सूचना आजही तितकीच उपयोगाची आहे.

म्हणून ऑनलाइन वर्ग सरसकट त्याज्य मानावेत काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. खारपाणपट्ट्यातील एखाद्या गावात चित्रकलेचा, गाण्याचा वा संस्कृत श्लोक शुद्ध म्हणवून घेणारा जाणकार शिक्षक रोज कोठून मिळावा? अमेरिकेत वा जर्मनीत वाढणाऱ्या मराठी मुलाला आपल्या भाषेतून खेळणारे सवंगडी आठवड्यातून एकदा पडद्यावर लाभले, तर ते त्याच्या भाग्याचेच म्हणावे लागेल. नोकरी करणाऱ्या आईला 'तुम्हीच मुलाला वेळ द्या' असे सुनावणाऱ्यांनी तिचा दिनक्रम एकदा तपासून पाहावा.

मग निवड कशी करावी? या बाबतीत शास्त्र आणि आजी यांचे एकमत आहे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांना चिनी भाषा ऐकविली. समोर बसून खेळवत बोलणाऱ्या व्यक्तीकडून बालकांनी त्या भाषेचे ध्वनी टिपले. तेच चित्रफितीतून दाखविले तेव्हा काहीच पदरात पडले नाही. पुढे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात दोन ते अडीच वर्षांच्या मुलांनी प्रत्यक्ष दृक्‌श्राव्य संभाषणातून नवी क्रियापदे शिकून दाखविली, ध्वनिमुद्रित फितीतून मात्र नाही. म्हणजे अडचण केवळ काचेची नाही. मुलाने हाक मारली तर पलीकडून 'ओ' येते की नाही, यावर सारे अवलंबून आहे. २०१८ मधील एका अभ्यासात तर असे दिसले की, शेजारी दुसरे बाळ बसलेले असेल तर पडद्यावरूनही बाळे अधिक शिकतात. सवंगड्याची ही किमया ज्ञानेश्वरांच्या महाराष्ट्राला परदेशातून शिकावी लागावी, हा एक विनोदच!

तेव्हा पहिला प्रश्न संख्येचा. चाळीस चौकटींच्या वर्गात मुलाची पाळी येणारच नाही. पाच-सहा जणांचा गट असेल तर शिक्षिकेला त्याचे नाव, त्याच्या मांजरीचे नाव आणि त्याचा आजचा रुसवा हे सारे ठाऊक होते. चाचणी म्हणून जो मोफत वर्ग दाखविला जातो, त्यात शिक्षिकेकडे न पाहता मुलांकडे पाहावे. अर्ध्या तासात आपले मूल किती वेळा बोलले? कितीदा उठून काही आणायला धावले? दुसऱ्या मुलाच्या बोलण्यावर हसले का? एवढे टिपले की छापील माहितीपत्रकाची गरज उरत नाही. मुलाला सतत बांधून ठेवणारी तारे-नाणी, बक्षिसांची घंटा आणि क्रमवारी असलेले वर्ग टाळलेलेच बरे. ती करमणूक नव्हे, व्यसनाची बालवाडी होय.

दुसरा प्रश्न भाषेचा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने किमान पाचवीपर्यंत, शक्य तेथे, मातृभाषेतून वा घरच्या भाषेतून शिकविण्याचा आग्रह धरला आणि वयाच्या तिसऱ्या वर्षापासून खेळातून शिक्षण ही पायाभूत पायरी मानली. तरीही वऱ्हाडी बोलणाऱ्या घरातल्या चार वर्षांच्या मुलाला आपण हौसेने अशा वर्गात बसवितो, जेथे त्याला भूक लागली हेसुद्धा सांगता येत नाही. मग ते 'नुसते पाहते', यात नवल ते काय?

वेळेची मर्यादा तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच घातली आहे. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडदा नको. दोन ते चार वयोगटाला दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको, कमी असेल तितके उत्तम. जेवताना लावलेली कार्टूनही याच तासात मोजायची असतात, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

या साऱ्या चर्चेत अमरावतीकरांना तरी ताराबाई मोडकांचे स्मरण व्हावयास हवे. विवाहानंतर काही वर्षे या शहरात राहिलेल्या ताराबाईंनी पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केले, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाच्या उभारणीत पुढाकार घेतला आणि १९४५ पासून बोर्डीत, नंतर कोसबाडला वनवासी मुलांसाठी बालशिक्षण उभे केले. मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. परवडणारी साधने त्यांनी परिसरातूनच घेतली. पाने, बिया, शंख, दगड. मोबाइलही आज शिक्षण घरच्या ओसरीपर्यंत आणतो खरा. पण ताराबाई अंगणात जाऊन तेथील मातीत बसत होत्या. चांगला ऑनलाइन वर्ग ओळखायचा तो येथेच. 'घरातील तुरीचे दहा दाणे आणा' असे जो सांगतो आणि मूल धावत कोठीकडे जाते, आजी डबा उघडून देते, तो वर्ग अर्धा घरातच भरलेला असतो.

आणि उरलेला वेळ? ज्या अमरावतीत १९१४ मध्ये हनुमान व्यायामशाळेचा पाया घातला गेला आणि जेथील पथकाने १९३६ मध्ये थेट बर्लिनला जाऊन भारतीय खेळ दाखविले, तेथील मुलांना संध्याकाळी धावायला मैदान मिळत नसेल, तर तो दोष मोबाइलच्या माथी मारता येणार नाही. तान्हा पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघरी जाणारी मुले याच वयाची असतात.

भुलाबाईचे दिवस भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंतचे. गाणी झाली की झाकलेला डबा हलवून आत कोणती खिरापत आहे, हे आवाजावरून ओळखायचे. चुकले की हशा, ओळखले की वाटणी. ऑनलाइन वर्ग चालविणाऱ्या एखाद्या मराठी शिक्षिकेने हा खेळ घ्यावयास हरकत नाही. भातकुलीच्या ओसरीवरचा नातू कॅमेऱ्यासमोर डबा खुळखुळवील, पलीकडची पाच मुले 'फुटाणे', 'मुरमुरे', 'शेंगदाणे' असे ओरडतील आणि आवाज बंद करण्याचे बटण त्या दिवशी कोणाला दाबावे लागणार नाही. वाटणीपुरती मात्र शेजारची दोन मुले बोलावून ठेवावी लागतील. खिरापत पडद्यातून पलीकडे जात नाही.