पुस्तक वाचलेल्यांची दादागिरी

थिएटरमधून बाहेर पडताना एक वाक्य हमखास कानावर येतं, 'पुस्तक जास्त भारी आहे.' म्हणणाऱ्याने ते पुस्तक शेवटचं कधी उघडलं होतं, हे विचारायचं नसतं. हे मत नसतंच मुळी, ओळखपत्र असतं. मी वाचलंय, तू नाहीस, बस खाली.

हे ओळखपत्र मीही गळ्यात घालून फिरलोय. हॉस्टेलवर लॅपटॉपवर 'शाळा' बघून रूममेट गप्प झाला होता आणि मी त्याला मिलिंद बोकिलांच्या कादंबरीतलं काय काय गाळलंय त्याची यादी ऐकवत होतो. त्याने ती कादंबरी पुढे कधीच वाचली नाही. कशाला वाचेल?

काय गाळलं हा प्रश्नच कारकुनी आहे. दोन तासांत अख्खी कादंबरी बसत नाही, विषय संपला. विचारायचं ते हे की, पुस्तकाला जे शक्यच नव्हतं ते सिनेमाने केलं का?

'सिंहासन' घ्या. 1979 सालच्या या सिनेमामागे अरुण साधूंच्या एक नाही, दोन कादंबऱ्या आहेत : 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'. विजय तेंडुलकरांनी दोन्हींची मिळून एक पटकथा केली. आता इमान मोजायचं तर कुठल्या पुस्तकाशी? तरीही मंत्रालयात खुर्च्या हलू लागल्या की आजही आठवतो तो निळू फुल्यांच्या दिगू टिपणीसचा चेहरा.

किंवा 'नटरंग'. पैलवानी अंगाचा गुणा तमाशात नाच्या होतो, हे आनंद यादवांच्या पानावर वाचणं वेगळं आणि अतुल कुलकर्णींचं शरीर डोळ्यांसमोर बदलताना बघणं वेगळं. त्यांनी त्यासाठी आधी अंग कमावलं, मग उतरवलं. कुठल्याही वाक्याला हे जमणार नाही. (आता रीलवर त्यातलं उरलंय काय, तर 'अप्सरा आली'. नाच्या गेला, अप्सरा राहिली. गाणी इतकी देखणी केली म्हटल्यावर याला थोडा सिनेमाही जबाबदार आहेच.)

या मापाने 'शाळा' मला तोकडा वाटतो. 2012 साली आलेल्या या सिनेमाच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, हे माहीत असूनही. पण माझी तक्रार आता गाळण्याची नाही, दाखवण्याची आहे. कादंबरीत शिरोडकर दिसते ती फक्त जोशीच्या नजरेतून, त्याच्या भाषेतून. अर्धी तर त्यानेच मनात रचलेली असते. पडद्यावर तिला खरा चेहरा मिळतो आणि तिथून पुढे ती सगळ्यांची होते. जोशीच्या डोक्यातली ती बडबड पडद्यावर आणायला काहीतरी वेगळीच युक्ती हवी होती, पुस्तकाशी भांडण हवं होतं. सिनेमा मात्र शहाण्या मुलासारखा पुस्तकाचं ऐकत राहतो.

आणि ऐकणार नाही तर काय करेल? आपण याद्या घेऊन दारातच उभे असतो ना! लाडक्या कादंबरीला हात लावायचा म्हटलं की दिग्दर्शक आधी वाचकांना घाबरतो. निर्मात्याला तर पोस्टरवर 'गाजलेल्या कादंबरीवर आधारित' एवढंच हवं असतं. मग प्रसंगामागून प्रसंग, लग्नाच्या अल्बमसारखे. सगळे नातेवाईक फोटोत आले की झालं.

तो रूममेट आता भेटला तर यादी काढणार नाही. त्या रात्री तो कशाने गप्प झाला होता, हे विचारायचं राहूनच गेलंय.